सोडणाऱ्याची गाठ

काकांच्या गोष्टींत खोगीरभरती फार, हे काकूंना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. मालाचा ट्रक घेऊन माणूस आठवडा आठवडा बाहेर असायचा आणि परत आला की पायातलं काढायच्या आधी गोष्ट सुरू. पुलाखालून पाणी वाहत असलं तर गोष्टीत ते पुलावरून गेलेलं असायचं. रस्त्यात कुत्रं आडवं आलं असलं तर त्याचा निदान लांडगा तरी व्हायचाच. काकू सगळं ऐकायच्या, निम्मं वजा करायच्या आणि उरलेल्यातलं निम्मं शेजारणीला सांगायच्या. संसार असा व्यवस्थित चालला होता.

त्यातली एक गोष्ट काकांनी जन्मभर सांगितली. जुन्या व्यापारी वाटेवरच्या एका गावाची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा काका माल घेऊन त्या गावातून निघाले होते, आणि तापाने फणफणून वेशीतच स्टिअरिंगवर आडवे झाले. खोगिरं शिवणाऱ्या आणि जनावरांवर ओझी लादणाऱ्या एका वस्तादाने त्यांना उचलून घरी नेलं, अंगावर आपलं कांबळं घातलं, बरं होईपर्यंत ठेवून घेतलं, ओझं बांधायची विद्या शिकवली आणि निघताना ते कांबळंही बरोबर दिलं. काकांच्या सांगण्यात वेस दरवर्षी हातभर उंच होत गेली आणि ताप दरवर्षी थोडा थोडा चढत गेला. फक्त शेवट कधी बदलला नाही. "निघताना घसा असा दाटून आला की धड दोन शब्द बोलता आले नाहीत. एकदा जाऊन त्या माणसाचे आभार मानायचेत," असं म्हणून काका गप्प बसायचे. काका गप्प बसले म्हणजे एवढं तरी खरं असणार, असा काकूंचा हिशेब होता.

जाणं काही झालं नाही. गावाच्या बाहेरून मोठा रस्ता झाला आणि ट्रक परस्पर जाऊ लागले. पोटापाण्याच्या मागे लागलेल्या माणसाला वाट वाकडी करून आभार मानायला जाणं जमत नाही. काम सुटल्यावर काकांनी ते कांबळं काढलं, धुऊन वाळवलं, घडी घालून दोरीने बांधलं आणि कपाटावर ठेवलं. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं सगळंच गेलं.

सगळं म्हणजे दोन शब्द सोडून. "येऊ दे, येऊ दे." ट्रक मागे घेताना क्लीनर मागे उभा राहून ओरडतो ना, ते. काकांनी कामाची सुरुवात क्लीनर म्हणूनच केली होती. आता चहा हवा असला तरी येऊ दे आणि नको असला तरी येऊ दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडात बसलेले शब्द असेच मागे राहतात, हळूहळू आणखी येतील. काकू म्हणाल्या, "जास्त काही नको. त्याच्या पुढचं 'बास' तेवढं आलं तरी पुरे. इतके महिने गाडी मागे मागेच चाललीय, कुठंतरी धडकायची." डॉक्टरीणबाई हसल्या. काकूही हसल्या, आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडल्या.

व्यायाम शिकवायला एक मुलगी होती. तिच्या खोलीत जुन्या गावांच्या फोटोंचं कॅलेंडर लावलेलं होतं. एकदा महिना बदलला, पान उलटलं आणि काका त्या फोटोपुढे जे उभे राहिले ते हलेचनात. फोटोत दगडी वेस होती. तिच्यावर डाव्या हाताचं बोट ठेवून ते सारखं येऊ दे, येऊ दे म्हणत राहिले. त्या मुलीला वाटलं, पाणी हवंय. काकूंनी मात्र काय ते ओळखलं.

मुलाने अर्थातच मोडता घातला. बाबांना दोन पावलं चालता येत नाहीत, तो वस्ताद एव्हाना असेल-नसेल, आणि असला तरी आभार मानणार कोण? काकू म्हणाल्या, मी मानेन त्यांच्या वतीनं. मुलगा म्हणाला, तुला तर ती गोष्ट खरीच वाटत नाही. "न वाटेना का. पाठ आहे मला," काकू म्हणाल्या, आणि स्टूलावर चढून कपाटावरचं कांबळ्याचं गाठोडं खाली काढलं.

अशी ती दोघं एका सकाळी त्या गावच्या बसथांब्यावर उतरली. काकांच्या डाव्या हातात काठी, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. गाठोडं काकूंच्या डाव्या काखेत, कारण काकू डावखुऱ्या. त्यापायी शाळेत हातावर पट्ट्या खाल्ल्या, सासरी सासूबाईंची बोलणी खाल्ली, पण सुरी काही उजव्या हातात टिकली नाही. शेवटी सासूबाईंनीच हात टेकले.

वेस पाहून काकूंना पहिला विजय मिळाला. "एवढीशीच? तुम्ही तर ढगात घातली होतीत," त्या म्हणाल्या. काका नजर चुकवून दुसरीकडे बघू लागले. पण त्यानंतर काकूंची पंचाईत होत गेली. वेशीखालच्या फरशीत चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या मनगटभर खोल होत्या, काका म्हणायचे तशाच. दोन्ही बाजूंच्या घरांना, वरच्या मजल्याला, रस्त्याकडे उघडणारी रुंद दारं होती, खाली जिना नाही की गॅलरी नाही. लादलेल्या जनावराच्या पाठीवरून माल सरळ माळ्यावर घ्यायची ती दारं. या दारांवरून काकूंनी एकदा नवऱ्याला, जिन्याशिवाय दार म्हणजे सासूला ढकलायची सोय का, असं चारचौघांत विचारलं होतं. आता त्या दारांतून कुणाकुणाचे धुतलेले कपडे वाळत होते. खांद्याच्या उंचीला भिंतींचे कोपरे गुळगुळीत झालेले होते, ओझी घासून घासून. काकूंनी एका कोपऱ्यावरून हात फिरवला. दगड साबणाच्या वडीसारखा मऊ लागला. निम्मं वजा करायच्या सवयीने आपण फार नाही ना वजा केलं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

जुन्या सराईच्या चौकात दोघं टेकली. चारी बाजूंनी खोल्या, मध्ये दगडी हौद, आता त्यात फुलझाडं. काकांनी काठी बाजूला ठेवली आणि डाव्या हाताने मानेमागची झोळीची गाठ चाचपायला सुरुवात केली. हा रोजचाच तमाशा होता. काकू सकाळी झोळीला मानेमागे चांगली निरगाठ मारायच्या, म्हणजे दिवसभर बघायला नको. काका दिवसभर ती ओढायचे. ती सुटायची नाही, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. काकूंना तो हट्ट वाटायचा. "राहू द्या हो, सुटली की हात लोंबतो," म्हणत त्यांनी गाठ आणखी आवळली. काकांनी मान वळवून हौदातल्या झाडांकडे बघितलं.

गाठींच्या बाबतीत त्यांनी बोलूच नये, असं काकूंचं मत होतं. काकांची गाठ म्हणजे घरात चेष्टेचा विषय. पिठाची पिशवी असो, बरणीच्या तोंडचं फडकं असो की माळ्यावरच्या गाद्यांची वळकटी, घरात बांधायचं म्हणून जे काही असेल ते काका बांधायचे, आणि ते कुणाला सुटायचं नाही. जाऊबाई ओढून ओढून घामाघूम व्हायच्या आणि म्हणायच्या, भावजींची ही उलटी गाठ सोडवायला वकीलच लावायला हवा. मुलगा सरळ कात्री घ्यायचा. मग सगळे काकूंना हाक मारायचे, काकू येऊन सोडून द्यायच्या आणि जाता जाता नवऱ्याला दोन शब्द सुनवायच्या, की साऱ्या जगाचा माल बांधता आणि घरात एक सरळ गाठ येत नाही. काका मिशीत हसायचे.

खोगीरवाल्यांच्या गल्लीत आता खोगीर औषधालाही नव्हतं. गाव बघायला येणाऱ्यांसाठी पिशव्या, पट्टे, किल्ल्या अडकवायचे गोंडे असा सगळा नखऱ्याचा माल. काका मात्र पाय ओढत, कुठेही न बघता, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि एका उंबऱ्यापुढे थांबले. आत एक वयस्कर बाई तळहाताला चामड्याची गादी बांधून ट्रकवर टाकायची ताडपत्री शिवत बसली होती. तिच्यामागे खांबाला लागून, ओझं बांधायला शिकवायचा चार पायांचा एक लाकडी घोडा उभा होता, डोकं नसलेला, पाठीवरची लाकडं दोरीच्या घासांनी काळी पडलेली. काकांचा चेहरा एकदम उजळला. एरवी तो घोडा पाहून हे माणूस काय बोलत सुटलं असतं, आणि आता तोंडातून निघाले ते तेच दोन शब्द.

काकूंनी सांगायला सुरुवात केली. ती बाई वस्तादांची मुलगी निघाली. वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंनी काकांकडे बघितलं. काका घोड्याकडे बघत होते आणि त्यांची हनुवटी हलत होती. काकूंना वाटलं, एवढं लांब आणून आपण त्यांना हेच ऐकवायला आणलं का? तरी त्या नेटाने बोलत राहिल्या. ताप, वेस, कांबळं. त्या ताईंनी सुई थांबवून सगळं ऐकून घेतलं. भलं झालं आलात, म्हणाल्या. पण ओळख काही पटेना. बाबांना माणसं उचलून आणायची खोडच होती, त्या म्हणाल्या. आजारी, चुकलेले, गाडी बिघडलेले, कुणी ना कुणी घरात असायचंच. लहानपणी तर आम्हाला वाटायचं की प्रत्येक घरात एक अनोळखी माणूस झोपलेला असतोच.

काकांना ते समजलं. त्यांच्याकडे बघवेना. मग काकूंनी पदर खोचला आणि तीच गोष्ट पुन्हा, काकांच्या थाटात सांगितली. वेस ढगात घातली. ताप असा चढवला की अंगावर भाजी शिजावी. वस्तादांना दाराएवढं उंच केलं आणि ट्रक एका हाताने बाजूला सारायला लावला. एका पैशाची वजाबाकी केली नाही. जन्मभर टोकत आलेली गोष्ट आपल्याला अशी शब्दन् शब्द येते, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ताई हसू लागल्या. काकाही हसले, अर्ध्या चेहऱ्याने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. पण ओळखीचं काही त्या हसण्यात नव्हतं. ताई कुठल्याही पाहुण्याशी हसल्या असत्या तशाच हसत होत्या.

"असू दे," काकू म्हणाल्या. "तुमची वस्तू तरी परत घ्या." त्यांनी गाठोडं ताडपत्रीवर ठेवलं आणि डाव्या हाताने दोरीचं टोक ओढलं. एका ओढीत दोरी उलगडून बाजूला पडली.

ताईंनी कांबळ्याकडे बघितलंच नाही. त्या काकूंच्या हाताकडे बघत होत्या.

"वहिनी, तुम्ही डावखुऱ्या?"

काकूंना वाटलं, आता इथंही बोलणी. हो म्हणाल्या.

"ही गाठ कुणी मारली?"

काकूंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. ताईंनी तळहातावरची गादी सोडली, उठल्या, आणि काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे घरच्या गाठीवाला ड्रायव्हर तुम्ही," त्या म्हणाल्या. "दादा, आधी नाही का सांगायचं?" मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली आणि काकांचा चांगला हात हातात घेतला.

हकिगत त्यांनी त्या घोड्यापाशीच सांगितली. वस्तादांचा एकच नियम होता, गाठ बांधणाऱ्याची नसते, सोडणाऱ्याची असते. इथं लादलेलं ओझं चार मुक्काम पुढे भलत्याच कुणीतरी उतरवायचं असतं. त्याची बोटं थंडीने आखडलेली असतात, जनावर दमलेलं असतं. म्हणून बांधायची ती सुरगाठ, आणि तिचं मोकळं टोक सोडणाऱ्याच्या हाताला येईल असं ठेवायचं. त्याने ओढलं की सुटायला हवी, आणि चुकीच्या बाजूने ओढली तर आवळतच जायला हवी, म्हणजे वाटेत झाडाझुडपात अडकून ओझं सांडायला नको. शिकायला येणारा प्रत्येक जण हीच गाठ शिकून जायचा.

"आणि ह्या दादांनी विचारलं, सोडणारं माणूस डावखुरं असलं तर? तसं कुणी कधी बांधलंच नव्हतं. बाबांनी विचारलं, माल कसला आहे, उतरवायचा कुठं? तर हे म्हणाले, माल नाही, घरी बायको आहे. डाव्या हातानं काम करते म्हणून सगळे बोलतात तिला. निदान मी बांधलेलं तरी तिला झगडून सोडावं लागू नये."

पुढे वस्ताद आणि तो तापातून उठलेला ड्रायव्हर या घोड्यापुढे बसून दोरी उलटसुलट करत राहिले, गाठ जमेपर्यंत. वस्तादांनी नंतर ती 'घरची गाठ' म्हणून प्रत्येक शिकाऊला शिकवली, आणि शिकवताना ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. "आमच्या बाबांच्या गोष्टीतही भर असायचीच," ताई म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला राजकन्या करून ठेवलं होतं."

काकू घोड्याच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. त्यांना पिठाची पिशवी आठवली. वळकट्या आठवल्या. बाळंतपणाला माहेरी निघाल्या तेव्हाचं बोचकं आठवलं, अवघडलेल्या अंगाने, एका हाताने पोट सावरत, दुसऱ्या हाताने नुसतं ओढलं होतं. उभ्या जन्मात आपलं कधी काही अडलं नाही, म्हणून कधी काही लक्षातच आलं नाही. जाऊबाईंना सुटत नव्हती, मुलाला सुटत नव्हती, आणि आपण दर वेळी एका ओढीत सोडून, वर त्यांनाच बोल लावत आलो. एवढी कृतज्ञता त्यांना एकदम वाटली की ती कुणाकडे पाठवावी तेच कळेना, मेलेल्या वस्तादांकडे की शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "लांडग्यांच्या शंभर गोष्टी सांगितल्यात. ही एक का नाही सांगितली?"

काका जमिनीकडे बघत मिशीत हसले. ते हसू काकूंच्या चांगलं ओळखीचं होतं, पण त्याचा अर्थ त्यांना आज लागला.

मग काकूंनी आभार मानले. मानायला आल्याच होत्या. ताईंना म्हणाल्या, तुमच्या बाबांनी माझा माणूस जिवंत घरी पाठवला, त्याचे आभार ह्यांच्या वतीनं. आणि माझ्यासाठी दोरी उलटी करून बघितली, त्याचे माझ्या स्वतःच्या वतीनं. याच्याहून जास्त बोलणं त्यांना जमलं नाही. काकांचा घसा त्या वेळी कसा दाटला असेल, तेही त्यांना कळलं. ताईंनी कांबळं उचलून पुन्हा त्यांच्याच हातात ठेवलं. दिलेलं परत घ्यायची बाबांची रीत नव्हती, म्हणाल्या.

काकांचा डावा हात सवयीने पुन्हा मानेमागे गेला होता. तो निरगाठ चाचपत होता. काकूंनी ते बघितलं आणि त्यांना जागच्या जागी लाज वाटली. गाठ आपण आपल्या सोयीने मारतो. सोडणाऱ्याचा हात कुठे पोचतो, हे आपण एकदाही बघितलं नाही. आणि त्याला हट्ट म्हणालो.

त्यांनी नखांनी ती निरगाठ सोडवली. झोळीची दोन्ही टोकं पुढे, काकांच्या डाव्या खांद्याखाली आणली. "ताई, ती डाव्या हाताची गाठ दाखवा मला," म्हणाल्या. "मी जन्मभर नुसती सोडलीय, बांधलेली कधी नाही."

ताईंनी घोड्यावर एकदा दाखवली. काकूंनी झोळीवर मारून बघितली, ती उलटी बसली. दुसऱ्यांदा टोकच आत हरवलं. ताई मदतीला पुढे होणार, तेवढ्यात काकांनी डावा हात वर केला. थांबा, असा. मग त्यांनी काकूंच्या बोटांकडे बघत तो हात हळूहळू आपल्या अंगाकडे हलवायला सुरुवात केली, मागे येणाऱ्या ट्रकला वाट दाखवतात तसा.

"येऊ दे," काका म्हणाले.

काकूंनी टोक थोडं ओढून घेतलं.

"येऊ दे. येऊ दे."

आणखी थोडं. फास मोठा झाला, टोक छातीवरून खाली उतरलं, काकांच्या डाव्या हाताच्या बोटांपाशी आलं.

"बास."

काकूंचे हात गाठीवर तसेच राहिले. काकांनाही आपण काय बोललो ते क्षणभर कळलं नसावं. त्यांनी टोक पकडलं आणि एकदा ओढलं. झोळी सुटली, आजारी हात मोकळा होऊन काकूंच्या हातात येऊन पडला. इतक्या महिन्यांत काकांनी स्वतःच्या हाताने सोडलेली ती पहिली गाठ होती.

"परत बांधते," काकू म्हणाल्या. "पुन्हा सोडा."